अपुरा प्रयत्न

काचेचा फुगा वाढताना आवाज करत नाही. आवाज येतो तो फुटतानाच, आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही.

जिन्याच्या वळणावर एक स्टूल आहे. ते तिथं कुणी ठेवलं, हे घरात कधी कुणी विचारलं नाही. दादा त्यावर बसून चपलेचा पट्टा सारखा करतो. वर जाताना दर वेळी त्याचा पट्टा तिथंच सुटतो.

तपासणी केंद्राच्या भिंतीवर फुप्फुसांचं चित्र आहे. दोन फुप्फुसं, त्यांना हात, पाय आणि हसरी तोंडं. ती एकमेकांना टाळी देताहेत.

वाद जिंकायचा असला की अक्का चष्मा काढते. समोरच्याचा चेहरा धूसर झाला की त्याची दया येत नाही, असं तिचं म्हणणं.

वहिनीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पेरावर, घट्टा आहे. शिवणाचा नाही, लेखणीचाही नाही.

'अर्जदाराने चाचणीत पुरेसा प्रयत्न केल्याचे आढळून येत नाही.'

*

हे शेवटचं वाक्य विमा कंपनीच्या पत्रातलं. पत्र जेवणाच्या टेबलावर मधोमध, साखरेच्या डब्याखाली दाबलेलं होतं. जो तो ते ओढून वाचत होता आणि वाचून झालं की पुन्हा डब्याखाली सरकवत होता, मोकळं सोडलं तर चावेल अशा बेताने.

"पुरेसा प्रयत्न नाही," थोरली बहीण अक्का म्हणाली. "जन्मभर पोरांच्या प्रगतिपुस्तकांत मी हेच वाक्य लिहिलंय. त्याचा अर्थ एकच. पोरगं चुकार आहे."

"अक्का, ती कंपनीची भाषा असते," दादाचा धाकटा भाऊ म्हणाला.

"भाषा सगळ्यांची एकच असते रे. तुझ्या कंपनीची काय वेगळी आहे?"

"माझी कंपनी नाही ती. मी फक्त एजंट आहे."

"तेच म्हणते मी."

धाकट्याला घरात सगळे एजंटच म्हणत. त्याची स्वतःची मुलंही, लाडात आली की. दादाचा विमा त्यानेच काढून दिलेला. काम करता येईनासं झालं तर घर चालेल इतकं देणारा, अपंगत्वाचा. दादा काच फुंकणारा. दिव्यांच्या काचा, औषधांच्या बरण्या, प्रयोगशाळांना लागणाऱ्या लांब मानेचे चंबू. वाळूची पूड कालवून, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आयुष्य गेलं, आणि त्या पुडीने छातीत घर केलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला तेव्हा वहिनीला, त्याच्या बायकोला, तो ओळखीचा वाटला. हिवाळ्यात कारखान्याच्या खिडक्या अशाच दिसत. पांढुरक्या, पुसूनही न निघणाऱ्या. "पुन्हा भट्टीपाशी उभे राहिलात तर तिथून चालत परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. इतकं स्पष्ट.

मग अर्ज. मग कंपनीने सांगितलं की फोटोतले डाग पुरेसे नाहीत, श्वास किती उरलाय ते यंत्रावर मोजून पाहिजे. मग ती चाचणी. आणि आता हे पत्र. एक संधी आणखी होती. पुन्हा एकदा फुंकायचं, आणि त्यातही असंच झालं तर फाइल बंद.

दादा खिडकीपाशी बसला होता. तो हल्ली दोन-तीन शब्दांच्या वर बोलत नसे. बोलायचं ते आधी मोजून घेई.

"कंपनी म्हणते... धडधाकट आहे."

त्याने टेबलावरच्या पत्राकडे बोट केलं.

"मग सोमवारी... भट्टी पेटवतो."

"बाबा!" चिमणी म्हणाली. ही त्याची एकुलती एक मुलगी, दातांच्या दवाखान्यात कामाला. लहानपणी दिव्याच्या काचेच्या खोक्यात झोपायची म्हणून चिमणी. "वेड्यासारखं बोलू नका."

"एप्रन कुठाय?" त्याने वहिनीला विचारलं.

"धुवायला टाकलाय," वहिनी म्हणाली. तो कपाटात वर, ब्लँकेटमागे होता. तिनेच लपवलेला. पण दादा खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं. हा माणूस उठेल, जिना उतरेल, वळणावर पट्टा सारखा करेल, आणि जाईल. कारण त्याला कुणीतरी लेखी कळवलं होतं की तू सोंग करतोस.

*

"आता मला एक सांग," अक्काने चष्मा काढला. "त्या दिवशी गाडीतून नेताना तू ह्याच्या कानात काय सांगितलंस?"

"मी?" एजंट म्हणाला.

"नाही, ड्रायव्हर."

"ड्रायव्हर मीच होतो."

"म्हणूनच विचारते."

एजंटने वहिनीकडे पाहिलं. वहिनी मागच्या सीटवर होती, तिने ऐकलं होतं. तो म्हणाला होता, दादा, जीव तोडून फुंकू नको हं, तिथं काही बक्षीस नाही. की 'जरा कमीच फुंक' असं म्हणाला होता? तेव्हा ती खिडकीतून एका दुकानाची पाटी उतरवणारी माणसं बघत होती. बोलणं कानावर आलं होतं, पण नीट उतरलं नव्हतं.

"काळजीपोटी म्हणालो मी. जीव तोडू नको म्हणालो."

"झालं! आपला भाऊ म्हणजे सांगकाम्या. सांगितलं कमी फुंक, ह्याने कमी फुंकलं. तूच विकलीस पॉलिसी आणि तूच बुडवलीस. वा रे वा एजंट."

"आत्या, थांब गं जरा," चिमणी म्हणाली, पण ती आत्याच्या बाजूला सरकली होती हे वहिनीने पाहिलं. खुर्चीसकट सरकली होती. "काका, तुम्ही खरंच असं सांगितलंत? मग बाबा मुद्दाम..."

"मुद्दाम काय?" दादा म्हणाला.

चिमणीने साखरेचा डबा उगाच सरकवला.

"मुद्दाम काय, चिमणे?"

"काही नाही, बाबा."

"मी... अर्धं फुंकत नाही." त्याला खोकला आला. वहिनी उठली, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. हाताखाली खोकला शमेपर्यंत सगळे टेबलाकडे बघत राहिले. "अर्धं फुंकलेलं... भांडं... पाहिलंय का माझं? कधी?"

नव्हतं पाहिलं. कुणीच. ही त्या घराची मोठेपणाची बाब होती. सासऱ्यांपासून चालत आलेली. पैशाने खाली राहू, फुंकीने नाही.

"मग थांबलास कशाने?" अक्का विचारत होती. आवाज आता खाली आला होता. "यंत्रावर तिन्ही वेळा मध्येच थांबलास असं लिहिलंय. एकदा इथं, एकदा तिथं, एकदा लगेचच."

दादाने बराच वेळ विचार केला. त्याचा चेहरा बघून वहिनीला कळलं, तो खरोखर शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं.

"थांब म्हणाले," तो म्हणाला.

"कोण?"

"माहीत नाही. कुणीतरी... सांगितलं. बस म्हणून."

*

वहिनीला माहीत होतं ते एवढं: खोली लहान होती. यंत्रापाशी एक पोरगेलीशी तंत्रज्ञ बाई होती, तिच्या गळ्यात ओळखपत्र उलटं लटकलेलं. तिने दादाच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि एकदम अंगावर ओरडायला लागली. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून, सोडू नका! वहिनीला आत बसायची परवानगी होती. ती दादाच्या शेजारी, त्याच्याच खुर्चीला जोडलेल्या लोखंडी हाताच्या खुर्चीवर बसली होती.

त्या बाईने बस म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. पण आठवत नाही म्हणजे म्हटलं नाही असं थोडंच आहे? तिचं लक्ष दादाच्या मानेकडे होतं. मानेची शीर कशी फुगत होती तिकडे. आणि गाडीतलं ते बोलणं. आणि अक्का म्हणते ते. तिला एकदा वाटे, ह्यांनी खरंच मुद्दाम केलं असेल, श्वास कमी दिसावा म्हणून. घरासाठी माणूस काय करत नाही. मग लगेच वाटे, हा विचार माझ्या मनात आलाच कसा? मग वाटे, मी शेजारी बसूनही मला ठाऊक नाही, तर यंत्राला काय ठाऊक?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं.

*

"बस!" एजंट ताडकन उठला. "त्या पोरीनेच थांबवलं असणार. नवशिकी असेल. आपण तक्रार करू. लेखी."

आणि गंमत म्हणजे अक्का लगेच त्याच्या बाजूला गेली. आत्ता दोन मिनिटांपूर्वी त्याला फाडून खात होती ती. "मजकूर मी सांगते. तू लिही. तुझं शुद्धलेखन दिव्य आहे, पण मी तपासीन."

"तिची नोकरी जाईल," वहिनी म्हणाली.

"जाऊ दे," अक्का म्हणाली. "आपल्या घरात इथं जीव चाललाय."

"आई बरोबर बोलतेय," चिमणी म्हणाली आणि खुर्ची पुन्हा सरकली, या वेळी आईकडे. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. आधी बघू तरी. बाबा, तुम्ही इथं फुंकून दाखवता का? तसंच, त्या दिवशी फुंकलंत तसं?"

"कशात?"

चिमणी आत गेली आणि फुंकनळी घेऊन आली. जुनी, तोंडाशी पितळ झिजलेली, भिंतीवर शोभेला लावलेली. दुसऱ्या टोकाला तिने दवाखान्यातून आणलेला रबरी हातमोजा ताणून बसवला आणि दोऱ्याने करकचून बांधला. पाच बोटं लोंबकळत राहिली.

"हे काय, गाय दोहायची आहे का?" एजंट म्हणाला. दादा हसला, आणि हसणं महागात पडून परत खोकला. पण नळी हातात घेतल्यावर त्याची बसण्याची ढब बदलली. खांदे खाली आले. कोपर टेबलाच्या कडेला टेकलं, बाकावर टेकायचं तसं. वहिनी त्याच्या उजव्या बाजूला बसली. तिची जागाच ती. लग्न होऊन आली त्या वर्षापासून, हाताखालचा माणूस परवडेना तेव्हापासून, ती त्याच बाजूला बसत आली होती.

"नाक धर गं त्याचं," अक्काने चिमणीला सांगितलं. चिमणीने दोन बोटांत बापाचं नाक धरलं आणि दवाखान्यात म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "मोठा श्वास. आणि फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून..."

हातमोज्याची बोटं एकेक करून उठली. आधी करंगळी, मग अंगठा. दादाची मान लाल झाली. "अजून, अजून!" अक्काही ओरडायला लागली, एजंटही, खेळाच्या मैदानावर ओरडतात तशी. मोजा तट्ट होत होता.

टक टक.

दादा थांबला. नळी तोंडातून काढली, अंगठा नळीच्या तोंडावर दाबला. अगदी सवयीने.

मोजा तसाच उभा राहिला, कुणालातरी थांबवत असल्यासारखा. आणि सगळे वहिनीच्या हाताकडे बघत होते. तिने खाली पाहिलं. तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. मधलं बोट दुमडलेलं, पेर लाकडाला टेकलेलं.

"आई," चिमणी म्हणाली. "तू वाजवलंस."

"मी?"

"आत्ता. दोनदा."

"मी नाही वाजवलं," वहिनी म्हणाली. पेर हुळहुळत होतं.

फुंकणाऱ्याला आपल्या फुग्याची पलीकडची बाजू दिसत नाही. भट्टीच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही. म्हणून शेजारी एक माणूस बसतो. त्याने काचेवर डोळा ठेवायचा आणि पुरे झालं की बाकाच्या लोखंडी कडेवर दोन वेळा वाजवायचं. कानाला कळत नाही ते, कोपराला कळतं. त्यापुढे एक श्वासही जास्त गेला की भांडं गेलं. वहिनीने किती भांडी अशी वाचवली असतील, त्याला गणती नव्हती. दादा म्हणे, फुंकतो मी, पण थांबते ती, म्हणून बरणी होते.

तिथं त्या खोलीत काच नव्हती. तिथं फक्त मान होती, आणि फुगत चाललेली शीर. तिच्या डोळ्याने ती पाहिली आणि हाताने ओळखलं की पुरे. खुर्चीच्या लोखंडी हातावर. तीन वेळा.

"अगं बाई," अक्का म्हणाली. चष्मा घातला. "काखेत कळसा आणि मी त्या पोरीवर अर्ज लिहायला निघाले."

एजंट टेबलावर डोकं ठेवून हसत होता. हसता हसता त्याचे डोळे भरून आले होते, की उलट झालं होतं, सांगता येत नव्हतं. "म्हणजे मी नाही. अक्का, ऐकलंस? मी नाही."

"कळलं रे. आता काय सनद देऊ?"

"मग हे कळवू या कंपनीला!" चिमणी म्हणाली.

"काय कळवू?" एजंट नाक पुसत म्हणाला. "अर्जदाराच्या पत्नीने खुर्चीवर टकटक केल्यामुळे अर्जदाराचा श्वास थांबला? साहेब फाइल घेऊन सगळ्या ऑफिसला वाचून दाखवेल. नाही, सरळ उपाय आहे. पुढच्या वेळी वहिनी, तुम्ही आत जायचं नाही. अक्का जाईल."

"ती नसेल... तर मी फुंकत नाही," दादा म्हणाला.

"अरे, पण तिच्यामुळेच तर—"

"तिने सांगितलं... थांबलो. चूक काय?" तो रागावला होता, आणि कुणावर ते त्यालाही कळत नव्हतं. "तिने नाही सांगितलं... तर मला कसं कळेल?"

"काय कळेल?"

"पुरे झालं ते."

अक्का म्हणाली, तिथं पुरे व्हायचंच नसतं, तिथं संपेपर्यंत फुंकायचं असतं. एजंट म्हणाला, बरोबर, रिकामं व्हायचं. चिमणी म्हणाली, बाबा, यंत्राला बरणी नकोय. सगळे बरोबरच बोलत होते. आणि वहिनीला वाटलं, जन्मभर ज्या एका गोष्टीत माझा हात बसला, ती गोष्ट आता करायची नाही, एवढंच हे सांगताहेत. एवढंच. मग हे इतकं कठीण का वाटतंय? तिने वाजवलं तर कंपनी त्याला खोटा म्हणणार आणि तो सोमवारी भट्टीकडे जाणार. नाही वाजवलं तर...

"मी दाराशी असेन," ती त्याला म्हणाली. "आत नाही. पण दाराशी."

त्याने तिच्याकडे बघितलं. "दिसेल तुला?"

"काच आहे दाराला," ती म्हणाली. खोटं होतं. दार लाकडी होतं.

*

दाराबाहेर बाक होता. वहिनी उभीच राहिली. समोर ती टाळी देणारी फुप्फुसं. एजंट गाडी लावायला गेला होता तो अजून आला नव्हता. चिमणी खिडकीशी, पाठमोरी.

आतून त्याच तंत्रज्ञ बाईचा आवाज. फुंका, फुंका, फुंका.

वहिनीला काही दिसत नव्हतं. तरी कुठं वाजवायला हवं ते तिला नेमकं कळलं. इथं. ती जागा आली आणि गेली. तिने दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबले. आवाज चालूच होता. अजून, अजून, सोडू नका. आता बरणीची मान गेली असती. आता बूड. आता नुसता पापुद्रा, उजेड आरपार जाणारा. अजून. मध्येच अक्काचा आवाज, एवढासा होऊन, "बाई, बस की हो." आणि बाईचा, "नाही, नाही, छान चाललंय."

तीन वेळा.

मग दार उघडलं. दादाला अक्काने एका बाजूने धरलं होतं. त्याचे ओठ निळसर होते. नाकावर चिमट्याच्या दोन खुणा. बाकावर बसवल्यावर बराच वेळ त्याला बोलताच आलं नाही. छातीतून नुसती शिट्टी येत होती. वहिनी समोर गुडघ्यावर बसली आणि त्याचे हात हातात घेतले.

"कुठं होतीस?" तो शेवटी म्हणाला.

"इथंच. दाराशी."

"मग... सांगितलं नाहीस."

"नाही."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून की नुसताच श्वासासाठी, तिला कळलं नाही. अक्का भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसतच होती. "तिन्ही वेळा सारखं आलं म्हणे," ती चित्रातल्या फुप्फुसांना सांगत असल्यासारखी म्हणाली. "रेघेवर रेघ. ती बाई म्हणाली, इतकं कमी तिने कुणाचं पाहिलं नाही. अभिनंदन केलं तिने त्याचं."

"म्हणजे मिळेल?" चिमणीने विचारलं.

"मिळेल."

चिमणी रडायला लागली. वहिनीला आनंद व्हायला हवा होता, आणि होत असावाही. तिचे गुडघे दुखत होते. दादाच्या तळहाताला अजून फुंकनळी फिरवण्याचा खरखरीतपणा होता. एप्रन आता कपाटातून काढून खरंच धुवायला टाकता येईल, असा एक विचार तिच्या मनात आला, आणि त्याचं काय करावं ते तिला कळेना. जिन्यावर एजंटची पावलं वाजली. धावत येत होता. दोन दोन पायऱ्या एकदम.

"झालं का?" तो खालूनच ओरडला. "दादा! झालं का?"

दादाला तो विमा घ्यायचाच नव्हता. धाकट्याची नोकरी सुटली होती आणि त्याने विकलेली ती पहिली पॉलिसी होती, म्हणून दादाने न वाचता सही केली होती.